परसबागेतले वाफे: आखणी, वाफसा आणि वर्षाचे गणित

मेथी टाकली आणि उगवलीच नाही, की पहिला संशय बियाण्यावर जातो. बियाणे बहुतेक वेळा बरे असते. बिघडलेला असतो तो वाफा: वर पपडी, खाली घट्ट गोळा आणि मध्ये कोंडलेले पाणी. भाजीच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती ओली असते पण चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने टोचला की फुटतो, तेव्हा शेतकरी म्हणतो वाफसा आला. खणणे, वाफ्याची उंची, खत, पाण्याची पाळी ही सगळी खटपट वाफा जास्तीत जास्त दिवस वाफशावर राहावा म्हणून करायची.

उदाहरणाला १० बाय २० फुटांची, म्हणजे साधारण ३ बाय ६ मीटरची जागा घेऊ. नाशिक, जालना, सोलापूर, अकोला अशा गावांत घरामागे एवढा तुकडा पुष्कळांकडे असतो. माती मध्यम ते काळी धरली आहे. कोकणात काय बदलायचे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

ऊन कुठून येते

वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी आणि सगळे वेल यांना रोज किमान ६ तास थेट ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांचे ३ ते ४ तासांवर भागते. उन्हाळ्यात तर दुपारची थोडी सावली त्यांना मानवतेच.

जागा पावसाळ्यात पाहून ठरवली तर हमखास फसगत होते. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य एकदा बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या सुमारास भिंतीलगतचा कोपराही उजळलेला असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की पुण्याच्या अक्षांशावर ६ फुटी भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेकडे साडेपाच फूट पसरते. त्यामुळे दक्षिणेला कुंपणभिंत असेल, तर तिच्या पायाशी हिवाळ्यात टोमॅटो लावायचा नाही. तिथे पालक, अळू, पुदिना लावा. उंच वाढणारे सगळे, मांडव असो की तूर, उत्तरेच्या कडेला न्या, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही.

मोठ्या झाडापासून लांब राहा. आंब्याची किंवा शेवग्याची सावली दिसते, मुळे दिसत नाहीत. तुम्ही वाफ्यात घातलेले खत महिनाभरात ती शोधून काढतात.

मातीची तीन सोपी परीक्षणे

पहिले, निचरा. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात पाणी बोटभर, म्हणजे २ सेंटीमीटरही उतरले नाही, तर तिथे सपाट वाफा पावसाळ्यात सडणार. वाफे उंच करावे लागतील आणि पाणी बाहेर काढायला चर हवा.

दुसरे, पोत. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याचा साबण घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कण, काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजले की माती कशी आहे ते डोळ्यांना दिसते. चिकणमातीचा थर निम्म्याहून जाड असेल तर वाळू आणून मिसळायच्या फंदात पडू नका. काळ्या मातीत थोडी वाळू गेली की ती वाळल्यावर विटेसारखी होते. तिला मोकळे करते ते कुजलेले खत, आणि तेही दोन-तीन वर्षे नेमाने घातले तर.

तिसरे, चुनखडी. कोरड्या मातीवर लिंबाचा रस पिळा. फसफसली तर चुनखडीचे प्रमाण जास्त आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. याउलट खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडले आहे. या दोन पिवळेपणांची गल्लत करून बरेच जण चुनखडीच्या वाफ्यात युरियाचा मारा करत बसतात.

नेमके आकडे हवे असतील तर माती परीक्षण करून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. जागेत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन कडेची माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो द्या. खत घातल्यावर लगेच काढलेला नमुना खोटे बोलतो.

आखणी

वाफ्याची रुंदी हाताच्या लांबीवर ठरते. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे, म्हणून १ मीटर. भिंतीलगत एकाच बाजूने काम करायचे असेल तर ६० सेंटीमीटरच. वाफ्यात पाय घालायचा नाही, एकदाही नाही. ओल्या काळ्या मातीवर पडलेले एक पाऊल कुदळीने फोडलेली माती पुन्हा दाबून टाकते, आणि पुढचे दोन महिने त्या ठशात काही नीट वाढत नाही.

आपली ६ मीटरची बाजू दक्षिणोत्तर आहे असे धरू. १ बाय ३ मीटरचे चार वाफे, मधल्या तीन वाटा प्रत्येकी ४५ सेंटीमीटरच्या, मिळून ५.३५ मीटर झाले. उरलेली ६५ सेंटीमीटरची पट्टी उत्तरेला मांडवासाठी. वाटा याहून अरुंद करून पाचवा वाफा कोंबण्याचा मोह होतो. पण पाटावर बसून खुरपायला आणि घमेले टेकवायला तेवढी जागा लागतेच.

नळ किंवा हौद कुठे आहे तेही आताच पाहा. पालेभाजीचा वाफा पाण्याच्या सर्वांत जवळ हवा, कारण त्याला रोज पाणी लागते. मांडवाकडे दोन दिवसांआड गेले तरी चालते. मोरीचे सांडपाणी केळीला आणि अळूला द्या, जुनी परसे तशीच असत. साबण-सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नका. त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न जिरणारी होते.

वाफा बांधणे

काळी माती कोरडी असताना दगड असते आणि ओली असताना चिकटा. दोन्ही वेळी खणू नये. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला, की तीन-चार दिवसांनी वाफसा येतो, ती वेळ साधा. पाऊस नसेल तर आदल्या आठवड्यात भरपूर पाणी देऊन थांबा. ओलीतच खणली तर मोठी ढेकळे निघतात, उन्हात वाळतात आणि मग ती फोडायला हातोडा घ्यावा लागतो.

चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, सुतळी ताणा, रेषेवर फक्की (पांढरी भुकटी) टाका. वरची वीतभर माती फावड्याने एका बाजूला काढा. खालचा थर जागच्या जागी पहारीने किंवा टिकावाने आणखी वीतभर मोकळा करा, पण वर आणू नका. ती माती कच्ची असते. या कामातच हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून घ्या. लव्हाळ्याची एक गाठ राहिली की पावसाळ्यात तिची दहा होतात. नुसते वरून उपटून तो जात नाही, साखळीतली पुढची गाठ फुटते.

आता वरची माती परत टाका आणि तिच्यात खत मिसळा. ३ चौरस मीटरच्या एका वाफ्याला:

शेणखत किंवा कंपोस्ट १५ किलो, म्हणजे मोठे दीड घमेले;
निंबोळी पेंड ३०० ते ५०० ग्रॅम;
ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ५० ग्रॅम, आठवडाभर आधी त्याच शेणखतातल्या ५ किलोत मिसळून, सावलीत ओलसर ठेवलेले.

शेणखत पूर्ण कुजलेले आहे का, याची खात्री विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. मूठभर खत ओले करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. नाकात झोंबला तर खत कच्चे आहे. कच्चे खत वाफ्यात कुजताना तापते, नत्र स्वतःच खाते, वाळवी बोलावते आणि सोबत तणाचे बी आणते. हुमणी बहुधा त्यातूनच येते. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, पिवळसर डोक्याची अळी खत चाळताना दिसली की वेचून मारा. ती मुळे कुरतडते; झाड एका दिवसात मलूल होते आणि ओढले तर सहज हातात येते.

शेवटी वाटांवरची वीतभर माती काढून वाफ्यांवर टाका. वाटा खाली जातात, वाफे वर येतात, मोकळी झालेली माती फुगलेली असते. सगळे मिळून १५ सेंटीमीटर उंची सहज मिळते. दंताळ्याने माथा सारखा करा, मध्यभाग किंचित उंच ठेवा. कडा उभ्या कापू नका, उतरत्या ठेवा आणि फावड्याच्या पाठीने थापा.

उंची ऋतूप्रमाणे

पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे वर बांधला तसा उंच माथ्याचा, उन्हाळ्यात सपाट वाफा. हल्ली फळ्या किंवा सिमेंटचे ठोकळे लावून दीड-दोन फूट उंच कायमचे वाफे बांधायची हौस आली आहे. दिसायला ती छान दिसते, पण एप्रिलच्या झळांत असा वाफा चारी बाजूंनी वाळतो आणि सकाळी दिलेले पाणी संध्याकाळी शोधावे लागते. कोकणात मात्र उंची हवीच. जांभ्या मातीवर, मुसळधार पावसात ३० सेंटीमीटरचा वाफा आणि कडेला चिऱ्यांची ओळ, नाहीतर आषाढात खतासकट माती वाटेवर येते.

देशावर फेब्रुवारीत रब्बीचे पीक निघाले की माथ्यावरची माती दंताळ्याने कडांकडे ओढा. मध्ये सपाट, कडेला चार बोटे उंच बांध. तोच वाफा आता पाणी धरून ठेवतो. जूनच्या आधी बांध मोडून पुन्हा गादी करा. दोन्ही वेळचे काम वाफ्यामागे अर्ध्या तासाचे आहे.

चार वाफ्यांचे वर्ष

पहिला वाफा. जूनमध्ये चांगला पाऊस होऊन वाफसा आला की भेंडी. दोन ओळी ४० सेंटीमीटरवर, ओळीत दर ३० सेंटीमीटरला दोन बिया, रात्रभर भिजवलेल्या. उगवल्यावर जोमदार रोप ठेवून दुसरे कात्रीने कापा. उपटले तर शेजाऱ्याची मुळे हलतात. वीस झाडे होतात, चौघांच्या घरी एक दिवसाआड भाजी निघते. ऑक्टोबरात भेंडी काढून कोबी किंवा फ्लॉवरची रोपे, ४५ सेंटीमीटरवर.

दुसरा वाफा वांगी आणि मिरचीचा. बी मेअखेर ट्रेमध्ये टाकायचे, रोपे पाच-सहा आठवड्यांची झाली की जुलैत लावायची. वांगी ६० सेंटीमीटरवर पाच, समोरच्या ओळीत मिरची ४५ सेंटीमीटरवर सहा-सात. हा वाफा फेब्रुवारीपर्यंत अडकलेला राहतो, त्यामुळे खताची भर यालाच सर्वांत जास्त लागते.

तिसरा वाफा पालेभाज्यांचा. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळा वाफा एका दिवशी पेरणे. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते आणि आठवडाभर थांबली की कडवट, जून होते. म्हणून वाफ्याचे ७५ सेंटीमीटरचे चार भाग करा आणि दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरा. पहिल्या भागात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर, तिसऱ्यात लाल माठ, चौथ्यात पालक. पालक मुळासकट न उपटता दोन बोटे वरून कापला तर पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. एका भागाला मेथी ३ ग्रॅम, धने ६ ग्रॅम, पालक दीड ग्रॅम पुरे. दाट पेरले की जास्त भाजी मिळते हा गैरसमज. दाट वाफ्यात वारा खेळत नाही आणि रोपे बुडाशी कोलमडतात. माठाचे बी चिमटीत सापडत नाही, पाचपट बारीक वाळूत मिसळून फोका, वर झारीने पाणी द्या आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवा. त्या माठाचे बी डोळ्यांदेखत वाहून नेतात.

चौथा वाफा पावसाळ्यात ताग. वाया जागा वाटते, पण पहिल्या वर्षी काळी माती मोकळी करायला याहून स्वस्त उपाय नाही. ४० ते ४५ दिवसांनी, फुले यायच्या बेतात असताना कापून, तुकडे करून तिथेच गाडा. ओल ठेवली तर तीन-चार आठवड्यांत कुजतो. नोव्हेंबरात लसूण, १० सेंटीमीटरवर एकेक पाकळी, टोक वर. डिसेंबरात एका बाजूला कांद्याची सहा-सात आठवड्यांची रोपे. हे पीक मार्च-एप्रिलमध्ये निघते आणि मे महिनाभर वाफा मोकळा मिळतो. त्या वेळी पाणी देऊन, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक मातीला घट्ट लावून, कडा गाडून चार ते सहा आठवडे ठेवा. मर रोगाची बुरशी आणि बरेच तणाचे बी उन्हाने मरते. काळे प्लॅस्टिक या कामाचे नाही, ते स्वतः तापते, माती तेवढी तापत नाही. लव्हाळा मात्र यालाही दाद देत नाही.

मांडवाच्या पट्टीत जूनला दोडका आणि कारले, १ मीटरवर, म्हणजे तीनच वेल. बिया चोवीस तास भिजवा. सप्टेंबरात वेल उतरले की त्याच मांडवावर वाल चढवा.

पुढच्या वर्षी सगळे एक वाफा पुढे सरकते. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच घराण्यातले. मिरचीच्या जागी टोमॅटो लावणे म्हणजे पीक बदलणे नव्हे.

एक पेरणी जवळून: कोथिंबीर

तक्रारी सर्वांत जास्त कोथिंबिरीच्या, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. धना म्हणजे एक बी नाही, दोन बियांचे जोडफळ आहे. तो अख्खा पेरला तर उगवतो, पण उशिरा आणि तुरळक. गोणपाटावर धने पसरून लाटणे हलक्या हाताने फिरवा. दोन डाळ्या सुट्या झाल्या की थांबा. पीठ व्हायला लागले तर हात जड पडतोय. किराणातले धने चालतात, पण जुने असतील तर निम्मेच उगवतात, आणि ती जात धन्यासाठीची असली तर पाला धरायच्या आत फुलावर येते.

फोडलेले धने १० ते १२ तास पाण्यात ठेवा, निथळा, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. वाफ्यात १५ सेंटीमीटरवर बोटाने रेघा ओढा, पेराएवढ्या खोल. धने टाकून वर काळी माती ओढू नका, चाळलेले कंपोस्ट भुरभुरा. काळ्या मातीची पपडी झाली की कोंब खालीच वाकडा होऊन मरतो. झारीचे तोंड आकाशाकडे करून पाणी द्या, म्हणजे धार आपटत नाही. वर ओले गोणपाट झाका. सहाव्या दिवसापासून रोज एक कोपरा उचलून बघा. पहिली हिरवी वाकडी मान दिसली की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब विणीतून वर येतात आणि काढताना तुटतात.

एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर रुसते, ती उष्णतेमुळे. तेव्हा मांडवाखाली किंवा हिरव्या शेडनेटखाली पेरा, अपेक्षाही बेताची ठेवा.

रोपे लावताना

टोमॅटो आणि कोबीची रोपे चार आठवड्यांची, मिरची-वांग्याची पाच-सहा. लावणीआधी दोन दिवस पाणी तोडा, रोप कणखर होते. काढायच्या तासभर आधी भरपूर पाणी द्या, माती मुळांना धरून राहते. लावणी चारनंतर. टोमॅटोचे रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावले तरी चालते, खोडाला मुळे फुटतात. वांगी-मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. लावल्यावर माती बोटांनी दाबा, मुठीने नको.

टोमॅटोला लावणीच्याच दिवशी दीड मीटरची बांबूची काठी रोवा. महिन्याने रोवली तर मुळे तुटतात. सुतळी आठच्या आकड्यात बांधा, खोड काठीवर घासत नाही.

पाण्याची पाळी

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. हिवाळ्यात दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर लागते, म्हणजे आपल्या वाफ्याला ९ ते १२ लिटर. एप्रिल-मेमध्ये देशावर आणि विदर्भात ७ ते ८ मिलिमीटर, म्हणजे २१ ते २४ लिटर. १५ लिटरची बादली डोळ्यांसमोर ठेवली की हिशेब हातात येतो. पण हे रोज शिंपडायचे असे नाही. पालेभाजीला रोज थोडे, फळभाजीला दोन-तीन दिवसांचे एकदम. रोज वरवर शिंपडले की मुळे वरच राहतात, आणि एक दिवस गावाला गेलात की झाडे माना टाकतात.

द्यायचे की नाही, ते बोट सांगते. दोन पेरे आत घाला. टोकाला ओल आणि गारवा लागला तर आज पाणी नको. दुपारी दोनला भोपळ्याची पाने लोंबली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर पाणी पुरेसे आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मात्र द्या. आणि माती ओली असूनही सकाळी झाड मलूल असेल, तर मुळे कुजत आहेत किंवा कोणी खात आहे. त्यावर पाणी ओतणे म्हणजे रोग वाढवणे.

टोमॅटोच्या बुडाशी काळपट, दबलेला डाग पडतो, तोही बहुधा पाण्याचाच दोष असतो. आठवडाभर कोरडे, मग एकदम पूर, असे झाले की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. औषध शोधण्याआधी पाळी नियमित करा.

पाणी वाचवायला आच्छादन. उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळका पाला, दोन इंच जाड, खोडापासून चार बोटे लांब. ऑक्टोबर ते मे हे सोन्यासारखे काम करते. जून ते ऑगस्ट ते उचलून ठेवा, कारण त्याखाली गोगलगाय आणि वाणी मुक्काम करतात. गोगलगायी झाल्याच तर गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाटेवर टाका. पहाटे त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका.

खुरपणी आणि भर

पहिली खुरपणी उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, वाफशावर, दोन बोटांपेक्षा खोल नाही. पहिले दीड महिना तण आवरले की पुढे पीक स्वतःच ते दाबते. लावणीनंतर महिन्याने वांगी, मिरची, टोमॅटो यांना झाडामागे दोन मुठी गांडूळखत देऊन खोडाला मातीची भर लावा. पुढे दर महिन्याला तेवढेच. जीवामृताबद्दल, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेल्या पाण्याबद्दल, पुष्कळ ऐकू येते. ते द्यायला हरकत नाही, पण ज्या वाफ्यात शेणखतच नाही तिथे ते एकटे भाजी पिकवत नाही.

कीड आधी ओळखा

मिरचीची पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खाली उलट्या होडीसारखी वळली तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड. दोघांचे उपाय वेगळे असतात, म्हणून पान उलटून बघा. वांग्याचा एखादाच शेंडा मलूल दिसला तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे. बोटभर खालून कापा आणि पिशवीत बांधून नष्ट करा, खतखड्ड्यात टाकू नका. भेंडीच्या शिरा पिवळ्या होऊन जाळी दिसली तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते आणि झाड बरे होत नाही. दिसताच उपटा, कितीही फुलावर असले तरी. कारले-दोडक्याला फळमाशी डंख मारते, फळ वाकडे होऊन गळते. फळ बोटाएवढे असतानाच कागदी पिशवी बांधा आणि गळलेले रोज उचलून खोल पुरा.

बाकी रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. मे-जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवा. २५० ग्रॅम बी कुटून, फडक्यात बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिळून गाळा, १० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवा, एकूण ५ लिटर करा. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालून, त्याच दिवशी संपवायचा. जुन्या, बुरसटलेल्या निंबोळ्यांत दम राहत नाही. विकतचे कीटकनाशक वापरलेच तर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत ते लेबलवर पाहा. पालेभाजीवर तर ते टाळलेलेच बरे.

तोडणी आणि त्यानंतर

भेंडी फुलानंतर पाच-सहा दिवसांत तोडा. टोक वाकवले आणि टचकन तुटले तर कोवळी. एक-दोन जून शेंगा झाडावर राहिल्या की झाडाला वाटते बी धरले, आणि नवी फुले कमी होतात. गवार, काकडी, दोडका यांचेही तसेच.

पीक संपल्यावर झाडे उपटून लगेच टाकू नका, मुळे धुऊन बघा. वाल किंवा गवारीच्या मुळांवर गाठी असणारच; त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. ही नत्र बांधणारी गाठ, ती मुळे तिथेच जिरू द्या. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळाचाच भाग फुगून मणी ओवल्यासारखा झाला असेल आणि नखाने निघत नसेल, तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म जंताची गाठ. अशी मुळे खणून जाळा, त्या वाफ्यात पुढचे पीक झेंडूचे घ्या, चांगले दाट, ३० सेंटीमीटरवर, आणि फुले संपल्यावर झाडे तिथेच गाडा.